दहा डॉलर बक्षिसाचा शिंपी : रॉली ते ग्रीनव्हिल, चार दिवस

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला लेकीकडे जायची ही आमची तिसरी खेप. पहिल्या खेपेत नायगारा आणि न्यूयॉर्क उरकलं, दुसऱ्या खेपेत नातीसाठी डिस्ने. या वेळी जावई म्हणाले, "आई, या खेपेला तुम्ही ठरवायचं."

मी म्हटलं, "मला त्या शिंप्याच्या दुकानात न्या."

हे लगेच, "त्यासाठी अमेरिका कशाला? सांगलीत शिंपी नव्हते?"

होते की. माझे वडीलच शिंपी. आजोबा गेले तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. आजीनं त्यांना गावभागातल्या एका वस्तादांच्या दुकानात नेऊन बसवलं. पहिली दोन वर्षं नुसती काजं, बटणं आणि तुरपाई. पगार नाही, दुपारचा चहा तेवढा मिळायचा. याला तेव्हा 'उमेदवारी' म्हणत. गेल्या खेपेला रॉलीच्या कॅपिटॉलसमोर तीन राष्ट्राध्यक्षांचा पुतळा बघताना लेक सहज म्हणाली, "आई, यातला तो लिंकननंतरचा अँड्र्यू जॉन्सन शिंप्याकडे बांधलेला पोरगा होता. पळून गेला होता." 'बांधलेला' हा शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात अडकून होता. त्याचं पुढचं स्वतःचं दुकान शेजारच्या टेनेसी राज्यात, ग्रीनव्हिल गावात.

पहिला दिवस, शुक्रवार : रॉली

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. हवा आपल्या दिवाळीतल्या पहाटेसारखी, दुपारी मात्र चांगलं ऊन. कॅरीहून रॉली म्हणजे अर्ध्या तासाचा रस्ता. आधी गेलो मॉर्डेकी पार्कात. (पाटी वाचून 'मॉर्डेकाय' म्हणाल तर लोक हसून दुरुस्त करतात.) मोठ्या वाड्याच्या आवारात एका बाजूला जॉन्सनचं जन्मघर आणून ठेवलंय. घर कसलं, खाली एक खोली आणि वर उतरत्या छपराखाली पोटमाळा. मुळात हे घर गावातल्या एका खाणावळवजा सरायीच्या आवारात होतं. तिथेच आईबाप राबायचे. २९ डिसेंबर १८०८ ला पोरगा इथे जन्मला. बाप जेकब यानं गारठलेल्या तळ्यात उडी मारून बुडणाऱ्या माणसांना वाचवलं, पण स्वतः त्यातून नीटसा सावरला नाही. १८१२ च्या जानेवारीत तो गेला तेव्हा अँड्र्यू तीन वर्षांचा होता. आई पॉली कपडे धुऊन आणि विणून घर चालवायची.

इथे एक गोष्ट मला आधी कळेचना. आई जिवंत, धडधाकट, कमावती, मग पोरगा अनाथ कसा? पण त्या काळच्या नॉर्थ कॅरोलिनात बाप मेला की मूल अनाथ. आई असली काय, नसली काय, कायद्याला फरक पडत नव्हता. १७६२ च्या कायद्यानं काउंटी कोर्टाकडे अशा मुलांची जबाबदारी दिली होती. बापानं जमीनजुमला ठेवला असेल तर कोर्ट पालक नेमायचं. तो पालक जामीन द्यायचा, इस्टेटीचा हिशोब कोर्टापुढे मांडायचा. आणि त्या इस्टेटीतून पोराचं पोट भरणार नसेल तर पोरगं कुणा कारागिराकडे किंवा शेतकऱ्याकडे करारानं बांधायचं, मुलगा एकविसाचा होईतो, मुलगी अठराची होईतो. मी ह्यांना म्हटलं, "म्हणजे इस्टेट असली तर पालक, नसली तर मालक." ह्यांना ते इतकं आवडलं की पुढचे चार दिवस स्वतःचंच म्हणून सांगत होते.

जेवायला गाडीतच धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. मग राज्याच्या दप्तरखान्यात. नॉर्थ कॅरोलिनाच्या काउंट्यांची जुनी करारपत्रं तिथे खोक्यांतून जपून ठेवलीयत आणि ओळखपत्र दाखवून नाव नोंदवलं की कुणालाही बघता येतात. पेन, पर्स, पाण्याची बाटली सगळं बाहेर. आत फक्त पेन्सिल.

छत्तीस वर्षं मास्तरकी केल्यामुळे मला तो कागद बघताक्षणी ओळखीचा वाटला. गाळलेल्या जागा भरा! मजकूर छापील, मध्ये मध्ये रेघा. त्यात शाईनं पोराचं नाव, वय, मालकाचं नाव, धंदा. मुलग्यांच्या जागी 'शेतकरी', 'लोहार', 'चांभार'. मुलींच्या जागी बहुतेक सूत कातणं. मालकानं काय द्यायचं तेही छापलेलं : अन्न, वस्त्र, निवारा, आणि लिहावाचायला शिकवणं. पोरानं काय द्यायचं? राबणं आणि मालकाची आज्ञा पाळणं. खाली सह्या. पोराची सही कुठेच नाही, त्याच्या आईचीही नाही.

मग एक कागद निघाला. छपाई तीच, जागा त्याच. फक्त 'लिहावाचायला शिकवीन' या ओळीवर शाईची एक आडवी रेघ. पट्टी लावून मारल्यासारखी सरळ. मुलाच्या नावापुढे 'कलर्ड' असा शब्द. तिथल्या बाईंनी हळू आवाजात सांगितलं की १८३८ पासून स्वतंत्र काळ्या मुलांना लिहावाचायला शिकवायचं बंधन या राज्यानं मालकांवरून काढूनच टाकलं. म्हणजे तो लिहिणारा कारकून चुकला नव्हता, नियमानं वागला होता. नवा फॉर्म छापायचा खर्च वाचवला इतकंच. मी कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत बसले. नात कंटाळून बाहेर पाण्याच्या नळाशी जाऊन आली, तरी मी तिथेच.

दुसरा दिवस, शनिवार : ओल्ड सेलम

विन्स्टन-सेलम पावणेदोन तासांवर. ओल्ड सेलम हे मोरेव्हियन नावाच्या जर्मन बोलणाऱ्या पंथाच्या लोकांनी १७६६ मध्ये वसवलेलं गाव, आता जिवंत संग्रहालय. रस्त्यांवरून फिरायला पैसे नाहीत, घरांच्या आत जायला तिकीट. आमचा सल्ला : आधी गाव पायी फिरा, मग ठरवा. विटांच्या पदपथांवर चाकाची बॅग किंवा बाबागाडी नेऊ नका, हाडं खिळखिळी होतात.

इथली उमेदवारी वेगळ्या तऱ्हेची. मुलगा चौदाचा झाला की घर सोडून 'सिंगल ब्रदर्स हाउस'मध्ये, म्हणजे बिनलग्नाच्या पुरुषांच्या घरात, राहायला यायचा. मग तो गरिबाचा असो की चांगल्या खात्यापित्या घरचा. १७६९ ची लाकडी चौकटीची इमारत आणि १७८६ ची विटांची, दोन्ही जोडून उभ्या आहेत. खाली कारखाने, वर झोपायच्या खोल्या, प्रार्थना आणि जेवण एकत्र. मालक कुणालाही कसाही राबवू शकत नव्हता, कारण मालकावरही चर्चच्या पंचांची नजर. पोराचा मालकाशी खटका उडाला तर ते पंच बसायचे. ऐकायला बरं वाटलं, पण त्याच गावात चर्चनं स्वतः गुलामही विकत घेतले होते आणि त्यांच्यासाठी अशी पंचायत नव्हती, हेही तिथले मार्गदर्शक आडपडदा न ठेवता सांगतात.

सुताराच्या दुकानात जुन्या पद्धतीच्या कपड्यांतला एक उंच माणूस रंधा मारत होता. नातीला त्यानं जवळ बोलावलं, तिचे हात रंध्यावर धरून एक लांब ढलपी काढली आणि ती तिच्या हातात दिली. "तू किती वर्षांची?" "दहा." तो म्हणाला, "मग अजून चार वर्षं आईकडे राहा." सगळे हसलो. रॉलीत जॉन्सनला शिंप्याच्या दुकानात घातलं तेव्हा तोही दहाच्या आसपासच होता, पण हे मी तिथे बोलले नाही.

विंकलर बेकरी १८०० सालची. शुगर केक घ्याच. बटाटा घातलेल्या आंबवलेल्या पिठाचा, वर बोटानं पाडलेल्या खळग्यांत लोणी आणि तपकिरी साखर. ह्यांनी दोन तुकडे खाल्ले आणि डॉक्टरांना सांगू नका म्हणाले. पातळ आल्याच्या बिस्किटांचे डबेही मिळतात, सांगलीला न्यायला उत्तम. इतकी पातळ की बॅगेत चुरा होईल वाटतं, पण डबा पत्र्याचा आणि घट्ट, सगळी अखंड पोचली.

रात्री हॉटेलात लेकीनं फोनवर ती जाहिरात काढून दिली. मी चष्मा लावून दोनदा वाचली. २४ जून १८२४, रॉली. शिंपी जेम्स सेल्बी जाहीर करतो की कायदेशीर बांधलेली दोन पोरं, विल्यम आणि अँड्र्यू जॉन्सन, रात्रीतून पळाली आहेत. अंगावर चांगले कपडे, निळे कोट, नव्या टोप्या. त्यांना कुणी आसरा देऊ नये, कामाला ठेवू नये. धरून आणणाऱ्याला दहा डॉलर. आणि शेवटी गंमत : एकट्या अँड्र्यूला आणलं तरी दहाच डॉलर देईन.

हे म्हणाले, "म्हणजे थोरल्याची किंमत शून्य?"

शून्य नाही, पण वस्तादाला माहीत होतं कुणाचा हात चांगला. माझ्या वडिलांचे वस्तादही म्हणत, "पोरगं काजात कळतं." अँड्र्यू तेव्हा पंधराचा. पळायचं कारण मोठं क्रांतिकारक वगैरे नव्हतं. पोरांनी एका बाईच्या घरावर लाकडं फेकून मारली आणि तिनं तक्रार करायची धमकी दिली, असं सांगतात. माझ्या वर्गातली दोन-तीन पोरं डोळ्यांपुढे आली.

तिसरा दिवस, रविवार : धुकं आणि उकडलेल्या शेंगा

आज पश्चिमेला डोंगरात. अ‍ॅशव्हिलच्या अलीकडे चढ सुरू झाला आणि झाडांचे रंग बघून गाडीत कुणीच बोलेना. पिवळा, केशरी, आणि मध्येच एखादं झाड कुंकवाच्या करंड्यासारखं. अशा रंगांसाठी ऑक्टोबरचा मधला आठवडा धरा, पण हॉटेलं महिना-दोन महिने आधी. आम्ही धरलं होतं, तरी ग्रीनव्हिलजवळच्या मोटेलनं संध्याकाळी सांगितलं की तुमची खोली दुसऱ्याला गेली. दीड तास तिथेच गेला. शेवटी वीस मैल मागे जाऊन दुसरीकडे राहिलो. बुकिंग झाल्यावर आदल्या दिवशी एक फोन करून खात्री करा, इतकंच सांगते.

पण दिवसाचं खरं बक्षीस रस्त्याकडेला मिळालं. एका पत्र्याच्या टपरीवर हातानं लिहिलेली पाटी आणि बाजूला मोठं पातेलं. मी ओरडले, "थांबा, थांबा!" उकडलेल्या शेंगा! मिठाच्या पाण्यात तासन्‌तास शिजवलेल्या, टरफलासकट, दाणा मऊ आणि आत खारं पाणी. दक्षिणेतल्या या राज्यांत ही अगदी घरची चीज. टपरीवरच्या आजोबांनी विचारलं, "आधी खाल्ल्यात का कधी?" मी म्हटलं, "जन्मापासून." ते चकित. त्यांना वाटत होतं हे फक्त त्यांच्याकडेच असतं. त्यांनी पिशवीवर आणखी एक ओगराळं शेंगा घातल्या. घेताना साधी खारी सांगा, मसाल्याची कधी कधी फार तिखट असते. (हे आम्ही सांगलीकर सांगतोय म्हणजे बघा.)

पुढे उतारावर धुकं. जावई वीसच्या वेगानं चालवत होते, फोनला रेंज नाही. याच डोंगरांतून १८२६ मध्ये जॉन्सन आई आणि सावत्र बापाला घेऊन एका घोड्याच्या गाडीतून टेनेसीत उतरला. मधली दोन वर्षं तो कार्थेज, मग साउथ कॅरोलिनातलं लॉरेन्स असा शिवणकाम करत फिरला. एकदा परत येऊन सेल्बीशी मिटवायचाही प्रयत्न केला, पण जमलं नाही. करार उभाच राहिला. म्हणून राज्यच सोडलं. हिशोब करून पाहा : एकविसाचा तो व्हायचा होता १८२९ च्या डिसेंबरात. १७ मे १८२७ ला त्यानं चांभाराच्या मुलीशी, एलायझाशी, लग्न केलं, तेव्हाही रॉलीतल्या कागदाप्रमाणे तो सेल्बीचाच होता.

रात्रीचं जेवण टेनेसीच्या एका साध्या खानावळीत : शिजवलेले पिंटो घेवडे, मक्याची जाड पावासारखी भाकरी, बाजूला चिरलेला कच्चा कांदा. ताटाकडे बघून हे म्हणाले, "ही तर आपली उसळ-भाकरी." शाकाहारी असाल तर आधी विचारा, घेवड्यात डुकराचं मांस हमखास घालतात. आमच्यासाठी त्यांनी वेगळे शिजवलेले आणून दिले आणि वरचे पैसे घेतले नाहीत.

चौथा दिवस, सोमवार : ग्रीनव्हिल

दुकान. त्यासाठीच तर आले होते.

राष्ट्रीय उद्यान सेवेच्या वाचनालयासारख्या शांत इमारतीत शिरलं की आत अख्खं दुकान उभं आहे. टेनेसी राज्यानं १९२३ मध्ये या लाकडी खोलीभोवती विटांची इमारत बांधली, म्हणजे पाऊसवारा लागू नये. दारावर पाटी, ए. जॉन्सन, टेलर. आत मोठी कात्री, जड लोखंडी इस्त्री, कापायचं टेबल. खोली जेमतेम आमच्या सांगलीतल्या दुकानाएवढी. शिंप्याच्या कात्रीचा अंगठ्याकडचा कान मोठा असतो, तो बघून माझा हात आपोआप अंगठ्यावर गेला. वडिलांच्या अंगठ्याच्या मुळाशी त्या कात्रीचा घट्टा होता, मरेपर्यंत गेला नाही.

लिहिणं जॉन्सनला बायकोनं नीट शिकवलं, असं इथे सांगतात. रॉलीतल्या दुकानात एक गृहस्थ येऊन पोरांना भाषणं वाचून दाखवायचा, तिथून त्याला अक्षरांची गोडी लागली. सेल्बीच्या करारातली शिकवण कितपत पाळली गेली, ते यावरून समजा. पण हाच शिंपी नगरसेवक, महापौर, काँग्रेसमध्ये, गव्हर्नर, सिनेटर, आणि १८६५ मध्ये लिंकनच्या खुनानंतर राष्ट्राध्यक्ष झाला. शिंपी असल्याचं त्यानं कधी लपवलं नाही, उलट मिरवलं.

इथवर मी खूश होते. मग रस्त्यापलीकडे जरा चाललं की त्याचं मोठं घर, मार्गदर्शकाबरोबर बघायचं. (वेळा ठरलेल्या, आधी दुकानाच्या इमारतीतल्या माहिती केंद्रात विचारून ठेवा.) तिथे डॉलीची गोष्ट सांगितली. १८४३ मध्ये जॉन्सननं लिलावात घेतलेली मुलगी. वय चौदाच्या आसपास. मी विचारलं, "किती वर्षांच्या करारावर?" विचारून झाल्यावर माझीच मला लाज वाटली. मार्गदर्शक पोरगी चटकन म्हणाली, "करार नव्हता, मॅडम." ८ ऑगस्ट १८६३ ला त्यानं आपल्या गुलामांना मोकळं केलं. टेनेसीत अजून तो दिवस साजरा होतो. डॉलीचा मुलगा पुढे म्हातारपणी, १९३७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना भेटला. त्यांनी त्याला चांदीच्या मुठीची काठी दिली.

आणि मग १८६५-६६. यादवी युद्ध संपलं, गुलामी गेली, आणि दक्षिणेतल्या राज्यांनी कपाटातून तोच जुना अनाथांचा कायदा काढला. मिसिसिपीनं नोव्हेंबर १८६५ मध्ये, नॉर्थ कॅरोलिनानं १८६६ मध्ये. काळी मुलं 'शिकाऊ' म्हणून बांधायची, आणि बांधताना पहिला हक्क कुणाचा? त्यांच्या जुन्या मालकाचा. आईबाप पोसू शकत नाहीत असं कोर्टानं म्हटलं की झालं. मिसिसिपीत पळालेलं पोरगं धरून परत आणायची सोयही त्यात होती. याच काळात दोन्ही वंशांना सारखे नागरी हक्क देणारं विधेयक काँग्रेसनं मंजूर केलं. २७ मार्च १८६६ ला जॉन्सननं ते नाकारलं. ९ एप्रिलला काँग्रेसनं त्याचा नकार डावलून ते पास केलं. नॉर्थ कॅरोलिनात वायली अ‍ॅम्ब्रोज नावाच्या एका मोकळ्या झालेल्या बापानं आपल्या मुली परत मागितल्या. १८६७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुलांना नोटीस न देता, कोर्टापुढे न आणता असं बांधता येणार नाही. त्या मुली सुटल्या.

मी जावयांना म्हटलं, "ज्याच्यासाठी दहा डॉलर लावले होते, त्याला तरी कळायला हवं होतं."

जावई म्हणाले, "आई, तो पळाला कारण त्याला मालक नको होता. मालकच नको, असं कुठं म्हणाला तो?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

टेकडीवरच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्याची कबर आहे. १८७५ मध्ये झेंड्यात गुंडाळून, डोक्याखाली राज्यघटना ठेवून पुरलं. वारा जोराचा, खाली गाव खेळण्यातलं. गाडी वरपर्यंत जाते, गुडघे दुखणाऱ्यांनी घाबरू नये.

परत केंद्रात आलो, कारण नातीचं एक काम राहिलं होतं. इथे प्रत्येकाला जॉन्सनवरचा १८६८ चा महाभियोगाचा खटला बघायच्या तिकिटाची नक्कल देतात आणि मत टाकू देतात : दोषी की निर्दोष? सिनेटमध्ये तो एका मतानं सुटला होता : ३५ दोषी, १९ निर्दोष, आणि दोषी ठरवायला दोन-तृतीयांश, म्हणजे ३६ मतं लागत होती. महाभियोग मुख्यतः युद्धमंत्र्याला काढल्याबद्दल होता. पोरांबद्दल त्यात अक्षर नाही. ह्यांनी लगेच निर्दोष लिहून टाकलं, "कायद्यानं बघायचं." जावयांनी काय लिहिलं ते सांगितलं नाही. लेक पार्किंगचं बघायला गेली होती. मी पेन्सिल हातात घेऊन उभी राहिले, मागे रांग लागली.

गाडीत नात विचारते, "आजी, तू काय लिहिलंस?"

"मतदान गुप्त असतं."

"पण तू दोनदा खोडलंस. मी बघितलं."

शेंगांची पिशवी तिच्याकडे सरकवली आणि रेंज असेपर्यंत रस्ता लावून घ्या म्हटलं. कॅरीला पोचायला रात्रीचे अकरा झाले.